यंत्राची शिफारस

भाजें येथील लेणीं पाहून उतरल्यावर ज्या घरीं आम्ही नेहमीं पिठलें-भाकरी घेतों, त्या घरचा मुलगा जोडारीचें शिक्षण पुरें करून गेलें वर्षभर काम शोधीत आहे. मागील महिन्यांत आम्ही तेथें गेलों असतां त्यानें हातांतील फोन आमच्यापुढें धरला व विचारलें, "काका, रात्री साडेअकराला अर्ज पाठवला आणि बारा वाजायच्या आत नकार आला. इतक्या रात्री हापिसात जागं कोण होतं?" जागें बहुधा कोणीच नव्हतें. अर्ज यंत्रानें वाचला, यंत्रानेंच बाजूस सारला व उत्तरहि त्यानेंच धाडलें असावें. हें आम्हीं समजावून सांगितलें, तेव्हां चुलीपाशीं बसलेली त्याची आई म्हणाली, "मग आता चिठ्ठी कुणाला द्यायची?"

त्या प्रश्नानें आम्ही किंचित् चपापलों. कारण चिठ्ठ्या लिहून देणारांपैकीं आम्हीहि एक आहों. आमच्यासारख्या घरांत 'हा अमक्यांचा भाचा, मुलगा सालस आहे' या दोन ओळींवर पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या लागल्या. आपण केली म्हणजे ती ओळख, आणि दुसऱ्यानें केली म्हणजे तो वशिला, एवढाच काय तो फरक आम्हीं मानीत आलों.

नोकरी व माणूस यांची गांठ ओळखीवांचून पडावी, हा प्रयत्न नवा नाहीं. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४५ मध्यें सरकारनें सेवायोजनाची व्यवस्था उभी केली. १९५९ च्या कायद्यानें सरकारी संस्थांवर, तसेंच पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी संस्थांवर रिकाम्या जागा कळविण्याचें बंधन घातलें. मात्र पाठविलेला माणूस घेतलाच पाहिजे असें बंधन त्यांत नव्हतें. १९९७ मध्यें नोकरी डॉट कॉम निघालें, २०१५ मध्यें केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस सुरू झाली, आणि आपल्या राज्याचें महास्वयम् आहे. पूर्वी जें काम कारकून नोंदींचीं कार्डें चाळून करी, तेंच आतां कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येत चाललें आहे.

तिची रीत थोडक्यांत अशी. अर्जांतील व जाहिरातींतील शब्दांचें ती आंकड्यांत रूपांतर करिते. अर्थानें जवळचे शब्द आंकड्यांनींहि जवळ येतात. मग कोणता अर्ज कोणत्या जाहिरातीशीं किती जुळतो याची क्रमवारी लागते. यंत्र चांगलें असेल तर 'जोडारी' आणि 'फिटर' हे एकच, हें त्याला उमगतें. हलकें असेल तर तें नुसतें शब्दास शब्द ताडून पाहतें, आणि मग वाईस धरून लोखंड कानशीनें अचूक घासणारा मुलगा एका शब्दासाठीं मागें पडतो. आमच्या या मित्रानें अर्जांत 'जोडारी' एवढेंच लिहिलें होतें.

हा दोष सुधारण्याजोगा आहे. दुसरा त्याहून खोल आहे. पूर्वी माणसांनीं कोणास निवडलें, हें पाहूनच यंत्र निवड करावयास शिकतें. अमेझॉन कंपनीनें असें एक यंत्र तयार करविलें होतें. मागील दहा वर्षांचे अर्ज त्याला शिकविले; ते बहुतांशीं पुरुषांचे होते. परिणामीं 'स्त्रियांच्या' या अर्थाचा शब्द अर्जांत दिसला कीं यंत्र गुण कमी करूं लागलें. कंपनीनें अखेर तें मोडीत काढलें, व ही हकीकत २०१८ मध्यें रॉयटर्सनें प्रसिद्ध केली.

आपल्याकडे काय शिकविलें जाईल? डॉ. सुखदेव थोरात व पॉल अट्टेवेल यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें सांगितला पाहिजे. वर्तमानपत्रांतील जाहिरातींस सारख्याच योग्यतेचे अर्ज पाठविले; फरक नांवांचा. कांहीं नांवें उच्चवर्णीय हिंदूंचीं, कांहीं दलितांचीं, कांहीं मुसलमानांचीं. दलित व मुसलमान नांवांच्या अर्जांस बोलावणें येण्याचा संभव कमी ठरला. त्या अर्जांपुढें यंत्र नव्हतें, माणसेंच होतीं, आणि तीं शिकलेलीं माणसें होतीं. आमच्या बहुतेक वाचकांचीं आडनांवें कोणत्या बाजूस पडतील, हें सांगावयास नको. यंत्राचा जो पक्षपात म्हणतात, तो आपल्याच हस्ताक्षरांतला आहे. नांव झांकलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. गांव, शाळा, शिक्षणांत पडलेला खंड, यांवरून यंत्र तेंच ताडूं शकतें. म्हणून न्यूयॉर्क शहरानें २०२३ पासून अशा यंत्रांची दरवर्षीं त्रयस्थाकडून तपासणी सक्तीची केली, आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यानें नोकरभरतींतील यंत्रें अधिक धोक्याच्या वर्गांत घातलीं.

तरीहि हीं यंत्रें नकोत, असें म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाहीं. तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, आणि २०२३ मध्यें तो घेण्याचा करार ह्युंदाईनें केला. अशा उलथापालथींत कोठें कोणती जागा निघाली, हें मावळांतल्या खेड्यांत कळावयाचें तें ओळखीच्या माणसाकडूनच, आणि ज्याची ओळख नाहीं त्याला तें कळतच नसे. आतां निदान जाहिरात तरी भाज्यापर्यंत पोंचते.

दुपारीं आम्ही त्या मुलासह अर्ज पुन्हां लिहावयास बसलों. 'जोडारी'पुढें 'फिटर' घातलें; कोणकोणतीं यंत्रें चालविलीं, मापें कशानें घेतलीं, किती सूक्ष्म घेतलीं, तें सारें लिहिलें. पावसाळ्यांत लोहगडास जाणाऱ्या लोकांसाठीं तो चहाचें दुकान चालवितो व हिशेब ठेवतो. तेंहि लिहिलें, त्याची इच्छा नसतांना. शेवटीं त्यानें हंसत विचारलें, "नावही बदलायचं का, काका?"

"नाव तेच राहू दे," आम्ही म्हणालों.

लेण्यांतील एका टांक्यावर तें दान करणाऱ्या महारठी विष्णुदत्ताचें नांव कोरलेलें आहे. तें आम्हांस उगीच आठवलें.

अर्ज गेला. मळवलीहून पुण्याची लोकल गांठावयाची होती म्हणून आम्ही उठलों, तर त्याच्या आईनें वहीचें कोरें पान पुढें केलें. चाकणच्या एका कारखान्यांत आमचा पुतण्या आहे, हें तिला ठाऊक होतें. चिठ्ठी आम्हीं लिहून दिली.