अभियांत्रिकीचे पहिले वर्ष आणि गावची टाकी

आपल्या देशात दरवर्षी लाखो मुले-मुली अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतात. वर्षअखेर त्यांच्या पदरी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग आणि वर्कशॉप एवढे विषय पडतात. परंतु अभियंता म्हणजे कोण आणि त्याने कोणाला उत्तर द्यायचे असते, हे त्यांना कोणीही सांगितलेले नसते. माझ्या मते आपल्या सार्वजनिक कामांच्या दुरवस्थेचे एक मूळ या पहिल्या वर्षात आहे.

रुरकीचे महाविद्यालय १८४७ साली निघाले ते गंगा कालव्याला अभियंते हवे होते म्हणून. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ साली सुरू झाला तो सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता. हेतू परकीय सरकारच्या सोयीचा होता हे खरे. पण शिक्षणासमोर एक काम उभे होते. स्वातंत्र्यानंतर आपण महाविद्यालये शेकड्यांनी वाढवली आणि पहिल्या वर्षातून ते कामच काढून टाकले.

ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नाही असे नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय-कार्यक्रम घातला. परिसराला भेटी आणि आपल्या शाखेची ओळख या गोष्टी त्यात होत्या. कल्पना उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी तिचे रूपांतर हारतुरे, भाषणे आणि हजेरीपत्रक यांत झाले. ज्याला परीक्षेत वजन नाही ते आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. आणि ज्याला वजन आहे त्याचे काय होते? ड्रॉइंगच्या शीटखाली काच आणि काचेखाली दिवा ठेवून मित्राची शीट उतरवली जाते. वर्कशॉपचा जॉब मागच्या वर्षीच्या मुलाकडून मिळतो. सतराअठरा वर्षांचा मुलगा व्यवसायाचा पहिला धडा शिकतो तो हा : कागद पूर्ण असला की काम पूर्ण.

हा धडा पुढे नोकरीत जसाच्या तसा उतरतो. टाकी बांधली, नळ बसले, पूर्णत्वाचा दाखला जोडला आणि पुढे वीजबिल थकल्यामुळे पंप बंद पडला, अशा पाणीयोजना मी सेवेत असताना पाहिल्या आहेत. कागदोपत्री त्यांत काहीच उणे नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या सत्रात आठवड्याचे दोन तास एका खऱ्या कामाला द्यावेत. उदाहरणार्थ, दोन हजार वस्तीचे गाव घ्या. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर, म्हणजे रोज १ लाख १० हजार लिटर पाणी. ते ३० मीटर उंच चढवायला सुमारे ९ युनिट वीज लागते; पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरली तर १८, म्हणजे महिन्याला ५४० युनिट. हे गणित बारावी झालेल्या कोणालाही येते. आता त्याने विचारावे : हे बिल कोण भरणार? पाणीपट्टी किती बसेल? मोटार जळली तर दुरुस्त कोण करणार? या एका उदाहरणात भौतिकशास्त्र, वीज, हिशेब आणि लोक हे सगळे एकत्र येतात. सोबत त्या योजनेचे अंदाजपत्रक, दरसूची आणि मोजमाप पुस्तिका वाचायला द्यावी आणि पुस्तिकेतली मापे जागेवर फीता लावून पडताळून घ्यावीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, आधी पाया पक्का होऊ द्या, व्यवहार नंतर शिकतील. पण नक्कल करण्याची सवय पहिल्याच वर्षी लागत असेल, तर पायाच कच्चा झाला; पुढचे मजले कशावर चढवणार? दुसरा, एवढ्या मुलांना नेणार कोठे? प्रत्येक महाविद्यालयाच्या आसपास एखादे गाव, एखादा वॉर्ड, एखादा पूल असतोच. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदा यांनी ठरवले, तर परवानगीला एक पत्र पुरेसे आहे. आपली कामे अठरा वर्षांची मुले मोजणार याची धास्ती वाटत असेल, तर तो या योजनेचा दुसरा फायदा समजावा.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे दगावली. एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, असे विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात नमूद आहे. दुरुस्तीत पुलाची फळी बदलली, केबल तीच राहिली. पूल खुला करण्यापूर्वी भार-चाचणी झाली नव्हती. हे समजायला पदव्युत्तर ज्ञान लागत नाही. केबल पाहिल्याशिवाय सही करायची नाही, एवढी सवय लागते.

ती सवय पहिल्या वर्षी लावावी, तिला गुण द्यावेत आणि ज्याने स्वतः मोजले नाही त्याला नापास करावे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.