घर आणि सृष्टि : कोळ्यावरील आळ

मृग नक्षत्र लागलें त्या आठवड्यांत यंदा आम्ही केडगांवीं होतों. पुण्याहून दौंडास जाणाऱ्या लोहमार्गावरील हें गांव आमच्या वाचकांपैकीं कित्येकांना बेटावरील दत्तमंदिरामुळें, तर कित्येकांना पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें ठाऊक असेल. आमचे चुलतबंधु तेथें ऊस व कांदा पिकवितात. घर नांदतें आहे. काकू, दोघे बंधु, दोन्ही वहिनी आणि लहानमोठीं सहा मुलें एका छपराखालीं राहतात. पावसाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या, आणि दिवे लागतांच ओसरीवर किड्यांची नुसती झिम्मड उडत असे.

एके दिवशीं सकाळीं धाकटा पुतण्या रडतच उठला. त्याच्या मानेवर बोटभर लांबीची लाल रेघ उमटली होती आणि तिच्यावर बारीक फोड धरूं लागले होते. काकूंनीं पाहतांक्षणींच निदान केलें, "पोराच्या अंगावरून कोळी गेला." हें निदान महाराष्ट्रांतील कितीतरी घरांत ऐकूं येतें. धाकट्या वहिनींनीं काठीला केरसुणी बांधली, आणि दुपारपर्यंत माजघरापासून माडीपर्यंत एकहि कोळिष्टक उरलें नाहीं. माजघरांतील तसबिरीमागें एक मोठा चपटा कोळी सांपडला. पोटाशीं पांढऱ्या नाण्यासारखी वाटोळी पिशवी धरून तो बसला होता. त्याचाहि तेथेंच निकाल लागला.

त्या मुलाची बहीण बारा वर्षांची आहे. तिला शाळेंत कीटक व कोळी यांचें एक सचित्र पुस्तक बक्षीस मिळालें आहे. शिक्षा होऊन गेल्यावर तिनें आरोपाची चौकशी आरंभिली. "काका, कोळ्यानें असे फोड येतात असें ह्यांत कोठेंच नाहीं," असें म्हणून तिनें एक निराळेंच पान आमच्यापुढें धरलें. त्यावर एका सडपातळ भुंगेऱ्याचें चित्र होतें. डोकें काळें, छाती नारिंगी, पाठीवर निळसर हिरवें आंखूड कवच, त्यामागें उघडें नारिंगी पोट आणि पोटाचें टोंक पुन्हां काळें. लांबी तांदळाच्या दाण्याहून किंचित् अधिक. त्या रात्रीं ओसरीवरील दिव्याखालीं तिनें तसले चार किडे आम्हांस दाखविले. मुलाचें अंथरूण रोज त्याच दिव्याखालीं पडत असे! दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनींहि तेंच सांगितलें आणि पावसाच्या तोंडीं असे रोगी नेहमीं येतात, अशी पुस्तीहि जोडली.

शास्त्रज्ञ ह्या किड्याला पेडेरस म्हणतात. तो चावत नाहीं कीं डंख मारीत नाहीं. त्याच्या शरीरांतील रसांत एक दाहक द्रव्य असतें. तो मानेवरून चालूं लागला कीं माणूस झोपेंत हात फिरवितो, किडा चिरडला जातो, आणि रस हाताच्या ओघानें रेघेसारखा पसरतो. फोड लगेच न येतां साधारण एका दिवसानें येतात. तोंपर्यंत खरा अपराधी कोठेंच नसतो, आणि भिंतीवर उजळ माथ्यानें बसलेला कोळी मात्र हातीं लागतो. म्हणून असा किडा अंगावर दिसल्यास चिरडूं नये, फुंकर मारून उडवावा. चिरडलाच तर ती जागा व आपले हात साबणानें लगेच धुवावे, आणि तसाच हात डोळ्यांस लावूं नये. निजण्याच्या जागेवरील दिवा मालवावा व मच्छरदाणी लावावी. फोड डोळ्याजवळ असतील तर घरगुती लेप न लावतां डॉक्टरांस दाखवावें. तरीहि हा किडा केवळ वैरी नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. ओलसर शेतांत राहून तो पिकांवरील मावा व इतर बारीक किडे खात असतो.

थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, किडा काय आणि कोळी काय, सारखेच ना? मग पुस्तकांत दोन नांवें कशाला?" त्याचें उत्तर पाय मोजून मिळतें. कीटकाचे पाय सहा. शरीराचे भाग तीन, म्हणजे डोकें, छाती व पोट. डोक्यावर दोन शृंगिका, ज्यांना आपण मिशा म्हणतों. आणि बहुतेकांना पंख. कोळ्याचे पाय आठ, शरीराचे भाग दोनच. मिशा नाहींत आणि पंख तर कोणत्याहि कोळ्याला नाहींत. विंचू व गोचीड हींहि आठ पायांच्या कुळांतलीं. मुलांना ही युक्ति कळतांच त्यांनीं अंगणांतून मृगाचा किडा धरून आणला. तांबड्या मखमलीचा तुकडाच जणूं! संस्कृत कवींचा इंद्रगोप तो हाच असें अभ्यासक मानतात. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडांतील वर्षावर्णनांत तो हिरवळीवर आलेला आहे. मुलांनीं पाय मोजले. आठ! ज्याला आपण किडा म्हणून कौतुकानें तळहातावर घेतों, तो कोळ्याचा भाऊबंद निघाला. काकू कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांनीं चष्मा मागवून पुन्हां एकदां स्वतः पाय मोजले.

आतां मारल्या गेलेल्या कोळ्याविषयीं. ती मादी होती, आणि ती पिशवी तिच्या अंड्यांची होती. ही जात शिकारीसाठीं जाळें विणीत नाहीं. रात्रीं भिंतींवरून हिंडून झुरळें पकडते. खिडकीवर दिसणारा लहान, उड्या मारणारा कोळीहि जाळ्यावांचून माश्या धरतो; त्याचे पुढचे दोन डोळे इतके मोठे व तीक्ष्ण कीं आपण हललों तर तो वळून आपल्याकडे पाहतो. भारतांत कोळ्यांच्या सतराशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं आपल्या घरांत राहणाऱ्या बहुतेक सर्व माणसाला निरुपद्रवी आहेत.

त्याच दिवशीं सायंकाळीं आम्ही बेटावर दर्शनास गेलों. नारायणमहाराजांनीं वसविलेलें हें दत्तस्थान. तेथें बसलों असतां भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूताचे चोवीस गुरु आठवले. त्यांपैकीं चार ह्याच सृष्टींतले आहेत : पतंग, मधमाशी, कोळी आणि भिंगुरटी. कोळी आपल्यांतून तंतु काढतो व पुन्हां आपल्यांतच घेतो, हा दृष्टांत उपनिषदांतहि आहे, आणि तो निरीक्षणाला उतरतो. वाटोळें जाळें विणणारे पुष्कळ कोळी जुनें जाळें खरोखरच खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्याचा नवा धागा काढतात.

भिंगुरटीची गोष्ट निराळी. ती अळीला मातीच्या घरांत कोंडते आणि अळी भयानें तिचेंच ध्यान करीत अखेर भिंगुरटी होते, असें आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलों. वस्तुतः भिंगुरटी अळीला डंख मारून निश्चेष्ट करते, मातीच्या कोठडींत ठेवते आणि तेथें आपलें अंडें घालते. अंड्यांतून निघालेलें तिचें पिल्लूं ती अळी खाऊन वाढतें, कोश करतें व पुढें पंख फुटून बाहेर येतें. कांहीं जाती अळ्यांऐवजीं कोळीच भरून ठेवतात. आंत जातांना अळी दिसली, बाहेर येतांना भिंगुरटी दिसली. मधलें मात्र कोणी पाहिलें नाहीं. अध्यात्मांतील दृष्टांताचें मोल त्यामुळें उणावत नाहीं. परंतु शेतांत व घरांत ह्या मधल्याच अवस्थेच्या अज्ञानानें आपण मित्रांना मारतों.

आमचीच चूक सांगतों. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो, हें आम्हांस लहानपणापासून ठाऊक. पण त्याची अळी मुळींच त्याच्यासारखी नसते. ती लांबट, करडी, कांटेरी असते. आमच्या परसांतील वालाच्या वेलावर अशा अळ्या दिसल्या तेव्हां ही कीड समजून आम्हीं त्या कित्येक वर्षें वेंचून मारल्या, आणि वालावर मावा इतका कां पडतो म्हणून हळहळत बसलों! चित्र आम्हीं पाहिलें होतें, परंतु अर्धेंच.

बंधूंनीं हाच धडा उसावर शिकला. २००२ च्या जुलै महिन्यांत सांगली जिल्ह्यांत उसावर लोकरी मावा आढळला आणि पाहतां पाहतां महाराष्ट्र व कर्नाटक यांतील उसाच्या पट्ट्यांत पसरला. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लोकरीसारखा थर, आणि खालच्या पानांवर चिकट रस पडून त्यावर काळी बुरशी. जो तो औषध फवारण्याच्या विचारांत. त्या थरांत कोठें कोठें एक अळी जाळीखालीं वावरतांना दिसे. उसावर अळी म्हणजे शत्रु, हें कोणत्याहि शेतकऱ्याचें पहिलें मत. परंतु ती डिफा नांवाच्या पतंगाची अळी होती आणि तिचें अन्न ऊस नव्हे, तो मावाच होता. मायक्रोमस नांवाच्या जाळीदार पंखांच्या कीटकाचीं पिल्लेंहि तेंच काम करीत होतीं. हे मित्र जेथें दिसतील तेथें फवारणी करूं नये, उलट ते असलेलीं पानें मावा पडलेल्या दुसऱ्या शेतांत नेऊन लावावीं, असा सल्ला तज्ज्ञांनीं दिला. ज्यांनीं अळी ओळखली त्यांचा खर्च वांचला. बंधु म्हणाले, "मीं पहिल्या आठवड्यांत ओळखली नाहीं. दोन एकरांवर मीं माझ्याच राखणदारांना मारलें."

मग आमच्या वाचकांनीं कोणतें पुस्तक घ्यावें? पोकॉक यांचा कोळी-विंचवांवरील ग्रंथ १९०० सालचा. बिहारांतील पुसा येथें कीटकशास्त्राचें काम केलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' १९०९ सालचा. पुण्याच्या परिसरांतील कोळ्यांचाहि अभ्यास केलेले बी. के. टिकादर यांचें भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक १९८७ सालीं भारतीय प्राणि-सर्वेक्षण संस्थेनें प्रसिद्ध केलें. हे ग्रंथ अभ्यासकांचे आहेत. मुलांना साधें सचित्र पुस्तक पुरे. मात्र त्यांत अंडें, अळी, कोश व प्रौढ कीटक हीं चारी चित्रें आहेत ना, हें पाहून घ्यावें. जगांत नांव दिलेल्या कीटकांच्याच जाती सुमारें दहा लक्ष आहेत. तेव्हां आपला किडा पुस्तकांत न सांपडला तर निराश होऊं नये. आधीं पाय मोजावे, मग पंख पाहावे, मग कूळ शोधावें. एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.

आणि पुस्तकाच्या जोडीस घराची एक वही असावी. प्रत्येक प्राण्यास एक पान द्यावें. तारीख, जागा, कोणत्या झाडावर दिसला, पाय किती, काय खात होता हें लिहावें व शिसपेनीनें जमेल तसें चित्र काढावें. प्राणी मारूं नये. कांचेच्या पेल्याखालीं धरून, खालीं जाड कागद सरकवून, पाहून झाल्यावर बाहेर सोडावा. मात्र विंचू व गांधीलमाशी दुरूनच पाहावीं, आणि मुलांनीं कोणताहि प्राणी नुसत्या हातानें उचलूं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांना त्याचें नांव विचारून लिहावें. हात जोडल्यासारखे पुढचे पाय धरणाऱ्या हिरव्या कीटकाचें नांव मुलांना इंग्रजींत येत होतें. 'खंडोबाचा किडा' हें काकूंनीं सांगितलें. अशीं नांवें छापील पुस्तकांत क्वचितच आढळतात, आणि काकूंच्या पिढीबरोबर तीं जातील.

केडगांवच्या वहीचें पहिलें पान आमच्या पुतणीनें लिहिलें. तिनें त्यावर पेडेरस काढला असेल असें आम्हांस वाटलें होतें. परंतु तेथें तसबिरीमागची ती कोळ्याची मादी होती, पोटाशीं पिशवी धरलेली. खालीं लिहिलें होतें : 'पाय आठ. झुरळें खाते. हिनें कांहीं केलें नव्हतें.'

आम्ही निघालों त्या सकाळीं धाकट्या वहिनी ओसरी झाडीत होत्या. दिव्याजवळच्या कोनाड्यांत एक नवें जाळें विणलेलें होतें. त्यांनीं कोनाड्याखालची जागा स्वच्छ झाडली, क्षणभर वर पाहिलें आणि केरसुणी घेऊन आंत गेल्या.

आपल्या घरीं किड्यांचीं व कोळ्यांचीं जीं जुनीं नांवें ऐकूं येतात, तीं वाचकांनीं आम्हांस अवश्य कळवावीं. पुढें केव्हां तरी त्यांची यादी ह्याच सदरांत देऊं.