दाभोळला वायू उतरला, विहीर कुणाची नासली?



मागच्या महिन्यात शीवला बैठक झाली. गुहागर-चिपळूणकडचे चाकरमानी होते, सांगली-कोल्हापूरकडून मुंबईला कामाला आलेले होते. सगळ्यांची शेती गावी, कसणारे भाऊबंद. फ्रॅकिंगचा विषय काढताच एक जण उठून म्हणाले, "साहेब, हे अमेरिकेचे दुखणे. आपल्या काळ्या कातळाखाली कुठला आलाय गॅस? तुम्ही कांद्याचे बोला." (चळवळीत इतकी वर्षे काढली, तरी कृषी पदवीमुळे चिकटलेले 'साहेब' काही सुटत नाही.) आम्ही म्हटले, कांद्याचे बोलूच, पण आधी त्या कांद्याला घातलेल्या युरियाचे बोलू.

युरिया अमोनियापासून होतो आणि आपल्या देशात अमोनिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो. शीवहून ट्रॉम्बेचा रस्ता धरला की चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना लागतो. दुसरा अलिबागजवळ थळला आहे. मुंबई हायचा वायू हा या कारखान्यांचा मूळ आधार. देशातला वायू पुरेना, तेव्हा बाहेरून आणणे आले. २०१५ मध्ये केंद्राने युरिया कारखान्यांसाठी देशी आणि आयात वायूचा भाव एकत्र करून सरासरीने लावायचे ठरवले. गेल कंपनीने अमेरिकेतून २० वर्षे वायू घेण्याचे करार केले आणि ३० मार्च २०१८ रोजी त्या करारातले पहिले जहाज दाभोळला लागले. होय, तेच दाभोळ! एन्रॉनसाठी वेलदूर-अंजनवेलच्या बायाबापड्यांनी १९९७ साली लाठ्या खाल्ल्या, ते दाभोळ. एन्रॉन २००१ मध्ये बुडाली, धक्का मात्र राहिला. आता अमेरिकेत निघणाऱ्या वायूचा मोठा भाग फ्रॅकिंगचा आहे. म्हणजे तुमच्या ४५ किलोच्या पोत्यात कुणाच्या तरी शेताखालचा फोडलेला खडक आहे.

हे फोडणे म्हणजे काय, तेही बैठकीत विचारले गेले. एक म्हातारे म्हणाले, "आमच्या हातपंपाला भूजलवाल्यांनी असेच केले होते की! पाणी दाबाने घातले, भेगा मोकळ्या झाल्या, पंप चालू झाला." बरोबर आहे, तत्त्व एकच. पण भूजलवाले काही दहा मीटरांवर साधे पाणी घालतात. गॅसवाले दोन-तीन किलोमीटर खोल जातात, तिथून आडवे बोअर मारतात आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने ढकलतात. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते, लांब आडव्या विहिरींना त्याहून जास्त. दीड कोटीच धरा. रब्बी ज्वारीला ६ सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी म्हणजे हेक्टरी ६ लाख लिटर. सोलापूरकडच्या शेतकऱ्याने हिशेब करावा: २५ हेक्टर ज्वारी त्या पाण्यात तगली असती. ज्वारीचे पाणी निदान जमिनीत-हवेत फिरते. हे पाणी बरेचसे खाली अडकते आणि जे वर येते ते समुद्राहूनही खारट असू शकते, त्यात बेंझीन आणि किरणोत्सारी रेडियम सापडते. खाजणातली एक शेती खाऱ्या पाण्याने गेली तर किती वर्षे हाती लागत नाही, हे कोकणातल्या माणसाला आम्ही सांगायला नको.

पेन्सिल्व्हेनियात डिमॉक नावाचे गाव आहे. गाईम्हशींचा नव्हे, पण गाईंचा मुलूख. २००९ च्या १ जानेवारीला तिथे एका घराच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. विहिरींत मिथेन शिरला होता. कंपनी वर्षानुवर्षे नाकबूल करत राहिली. २०२२ मध्ये तिने कोर्टात आरोप लढवले नाहीत आणि गावाला नळाचे पाणी आणण्यासाठी १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर रक्कम भरायचे मान्य केले. तेरा वर्षे! त्याच राज्यात पिट्सबर्ग विद्यापीठाने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. चालू गॅसविहिरींजवळ राहणाऱ्या दमेकऱ्यांना जोराचा झटका येण्याची शक्यता ४ ते ५ पट. मैलभराच्या आतल्या मुलांत लिम्फोमा या कर्करोगाचे प्रमाण जास्त. हा रोग मुळात दुर्मीळ आहे, हेही आम्ही सांगतो. भीती विकायचा आमचा धंदा नाही. फ्रान्सने २०११ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये फ्रॅकिंग बंद केले ते काही उगाच नाही.

कोळशापेक्षा वायू स्वच्छ, असे सांगणारे विद्वान भेटतात. चुलीपाशी खरे आहे. पण विहिरीपासून चुलीपर्यंत जो मिथेन गळतो त्याचा हिशेब कोण धरणार? आणि पाइपच्या या टोकाला कसे असते ते शीवकरांनी माहुलला जाऊन पाहावे. तेलशुद्धीकरणाच्या कुंपणालगत माणसे नेऊन ठेवली आणि शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की यांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही.

आता आपले घर पाहू. आपल्या कातळात शेल नाही, मान्य. पण गुजरातेत खंभातच्या खोऱ्यात आणि बंगालात दामोदरच्या खोऱ्यात चाचणी विहिरी झाल्या आहेत आणि तिथलाही शेतकरी शेतकरीच आहे. अमेरिकेत जमीनमालकाला पुष्कळदा रॉयल्टी तरी मिळते. आपल्याकडे ती सरकारजमा होते. १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल-वायूचे शोधकाम 'ब-२' वर्गात टाकले, म्हणजे जनसुनावणीची गरजच उरली नाही. २०२५ च्या दुरुस्तीने तेलक्षेत्र कायद्याच्या व्याख्येत शेल गॅस स्पष्ट घातला आणि नियम मोडणाऱ्याची कैद काढून दंड ठेवला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! पाइपलाइनचे तर विचारूच नका. १९६२ च्या कायद्याने पट्टा वापरायचा हक्क सरकार घेते, बाजारभावाच्या १० टक्के हातावर ठेवते आणि त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. दाभोळ-बंगळूर लाइनीखाली ज्यांचे शेत आहे त्यांना हे आम्ही शिकवायला नको.

जिल्हा बैठकीपुढे ठराव असा ठेवत आहोत: शोधविहिरीलाही जनसुनावणी परत लागू करा, आणि पट्ट्याच्या १० टक्क्यांऐवजी दरवर्षी भाडे द्या. विहिरींच्या पाण्याची तपासणी कंपनीने नव्हे, ग्रामसभेने नेमलेल्याने करावी. उंदराला मांजर साक्ष आम्हाला नको. ठराव होईल तेव्हा होईल. तोवर गावात सर्व्हेची गाडी दिसली की दुसऱ्याच दिवशी विहिरीचे आणि बोअरचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत द्या, क्षार आणि शक्य असल्यास मिथेन मोजून घ्या, आणि अहवालावर तारीख पाहून तो ग्रामसभेच्या वहीत नोंदवा. नंतर पाणी बिघडले तर आधीचे कसे होते याचा कागद डिमॉकच्या अनेक घरांकडे नव्हता.