दोघींची नजर

आमची आजी शेवटचे दीड वर्ष अंथरुणावरच होती. सकाळी आई तिचे अंग पुसून द्यायची, संध्याकाळी काकू कपडे बदलायच्या. दोघींची तक्रार मात्र एकच, "फार हट्टी झाल्यात हो, हात लावला की ढकलतात." आजीची स्मृती गेली होती, त्यामुळे तिला काही सांगता येत नव्हते. एकदा ओळखीच्या एक सिस्टर तिला भेटायला आल्या. त्यांनी आजीचा उजवा हात अलगद वर केला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, यांचा खांदा दुखतोय!"

आई आणि काकू एकाच घरात, एकाच माणसाची मनापासून सेवा करत होत्या. पण "तुमच्या वेळीही असंच होतं का? नेमकं केव्हा ढकलतात?" असे त्यांनी एकमेकींना कधी विचारलेच नव्हते.

नॉर्वेतील परिचारिकांच्या शिक्षणाविषयी वाचताना ही गोष्ट आठवली. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. तिकडे नर्सिंग होम म्हणजे परावलंबी वृद्धांचे कायमचे राहण्याचे ठिकाण. ती बहुतेक नगरपालिकाच चालवतात आणि तेथील बहुसंख्य वृद्धांना स्मृतिभ्रंश असतो. नॉर्वेत नर्सिंगची पदवी तीन वर्षांची. त्यातला निम्मा भाग प्रत्यक्ष कामाचा, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा पहिल्याच वर्षी अशा नर्सिंग होममध्ये होते.

शिकवण्याची जुनी पद्धत अशी की पुढे अनुभवी परिचारिका आणि तिच्या मागोमाग एकटी विद्यार्थिनी. पण नर्सिंग होममध्ये प्रशिक्षित परिचारिका मोजक्याच असतात, त्यांना शिकवायला सवड कोठून मिळणार? म्हणून अनेक ठिकाणी दोन विद्यार्थ्यांची जोडी करून एका वृद्धाची जबाबदारी दोघांवर मिळून सोपवतात. दोघांनी आधी ठरवायचे, मग काम करायचे आणि शेवटी काय चुकले ते बोलायचे. वरिष्ठ परिचारिका दोन पावले मागे उभी राहते.

याचा मोठा फायदा म्हणजे भीती कमी होते. नाडी नीट लागत नाही, कूस बदलताना पाठीला हात कसा द्यावा हे समजत नाही, अशा शंका नवी मुलगी बाईंना विचारायला लाजते. बरोबरीच्या मैत्रिणीला मात्र ती चटकन विचारते. आणि समजावून सांगता सांगता सांगणारीचेही ज्ञान पक्के होते.

दुसरा फायदा त्या वृद्धाचा. एक जण हात धुऊन देत असतो तेव्हा दुसऱ्याला चेहरा पाहता येतो. ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांची वेदना ओळखण्यासाठी नॉर्वेतील बर्गन येथे बेट्टिना हुसेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोबिड' नावाची पद्धत बसवली आहे. तिच्यात तळहात उघडणे, हात डोक्याकडे नेणे, गुडघे वाकवणे, कूस बदलणे आणि बिछान्याच्या कडेला बसणे या हालचाली हळूहळू करवून घेतात. प्रत्येक वेळी कण्हणे, चेहऱ्यावरची आठी आणि अंग चोरून घेणे याकडे लक्ष ठेवतात. आमच्या सिस्टरांनी आजीजवळ थोडेफार हेच केले होते.

अर्थात नुसती जोडी लावून भागत नाही. दोघींनाही ठाऊक नसेल तर चूकही दोघी मिळूनच करतील. एक धीट असेल तर सगळे काम तीच उरकते आणि बुजरी नुसती पाहत राहते. कधी तुलना होते, मने दुखावतात. म्हणून मागे उभ्या असलेल्या परिचारिकेची नजर लागतेच. घास गिळताना ठसका लागला, पाठीवर लाल चट्टा दिसला, तर आपसांत चर्चा करत न बसता तिला ताबडतोब सांगायचे असते. ठसक्यातून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि दाबाने उठलेल्या लाल चट्ट्यातून पुढे जखम होते.

हे नर्सच्या मुलींपुरतेच आहे, असे समजू नका. तुमच्या घरी कोणी वडीलधारे अंथरुणाला खिळले असेल, तर आठवड्यातून एकदा तरी दोघांनी मिळून त्यांची कूस बदला, एकाने फक्त चेहरा पाहा. रात्री जेवताना दिवसभरात काय दिसले ते एकमेकांना सांगा. पलंगाशेजारी एक वही ठेवा आणि डॉक्टर आले की ती त्यांच्यापुढे करा.

आमच्या आजीच्या खांद्यावर मग औषध सुरू झाले. हात धुताना खांदा आधाराने धरायचा, हे आई आणि काकूंनी एकमेकींना शिकवले. आजीचे ढकलणे थांबले. ती हट्टी मुळी नव्हतीच. पण हे कळायला आम्हाला फार उशीर झाला, याची चुटपुट आईला अजून आहे.