अंगण खाऊ नका!

"अहो, लायब्ररीत फूटप्रिंट रेडीमेड मिळतं. ते टाका आणि पुढे चला. अर्ध्या मिलिमीटरसाठी कसली डोकेफोड?" मंडळात मुलांच्या प्रोजेक्टचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. गेल्या गणपतीपर्यंत मीही तेच म्हणत होतो. आज माझा त्याला ठाम विरोध आहे, आणि त्याची फी मी भरून बसलो आहे!

सर्किट बोर्डवर प्रत्येक पार्टची जागा आधी आखावी लागते. तेच फूटप्रिंट. त्यात तांब्याचे पॅड असतात, पार्टची बाह्यरेषा असते आणि सगळ्याभोवती मोकळी सोडलेली एक हद्द असते. तिला 'कोर्टयार्ड' म्हणतात, म्हणजे आपलं अंगण. एकाचं अंगण दुसऱ्याच्या अंगणावर चढता कामा नये, इतका साधा नियम.

गणपतीच्या आराशीसाठी अकरावीतल्या माझ्या लेकीने नईमच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून दिव्यांचा बोर्ड आखला. तो आणखी लहान व्हावा म्हणून मीच कपॅसिटर सॉकेटजवळ सरकवायला लावला. स्क्रीनवर लगेच चुकीची खूण आली.

"बाबा, ही खूण कसली?"

"काही नाही गं, बंद करून टाक."

परदेशात मास्टर्स केलेल्या, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या बापाचा हा सल्ला!

बोर्ड आले. सॉकेट बसलं, कपॅसिटरही बसला. पण वायरचा प्लग आत घालायला गेलो, तर तो कपॅसिटरवर अडला. पाचही बोर्ड बाद. आरास सूकमधून आणलेल्या माळांवर भागवली. पोरगी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

लायब्ररीचं काही चुकलं नव्हतं. कीकॅड या मोफत प्रोग्रॅमच्या लायब्ररीचा नियम सांगतो की साधारण पार्टभोवती ०.२५ मिमी सोडा, कनेक्टरला ०.५ मिमी, आणि प्लग शिरायची जागा त्याशिवाय वेगळी. ही जागा वाया जात नाही. तिथे सोल्डरिंगचं टोक पोचतं, किंचित वाकडा बसलेला पार्ट सामावतो. पंगतीत पानं खेटून मांडली तर चार माणसं जास्त बसतील, पण वाढप्याने पाय कुठे ठेवायचा?

कोणी म्हणेल, "मोबाइलमध्ये तर सगळं खेटूनच असतं!" खरं आहे. २००५ साली आलेल्या आयपीसी-७३५१ या मानकात अनेक पार्टसाठी ०.५, ०.२५ आणि ०.१ मिमी अशा तीन पायऱ्या होत्या. शेवटची पायरी दाटीवाटीच्या, यंत्राने जोडायच्या बोर्डांसाठी. घरी हाताने सोल्डर करणाऱ्याने ती धरणं म्हणजे अंथरूण न पाहता पाय पसरणं. आणि २३० व्होल्टचा संबंध आला, तर विजेच्या सुरक्षिततेचं अंतर वेगळं पाहावंच लागतं. अंगण सोडलं म्हणून ते आपोआप मिळत नाही.

तेव्हा मंडळी, रेडीमेड जरूर घ्या, पण डेटाशीटशी ताडून. ऑर्डरआधी कागदावर मूळ मापाची प्रिंट काढा आणि खरे पार्ट, प्लगसकट, तिच्यावर ठेवून पाहा. खर्च एका कागदाचा! आणि मंडळाच्या प्रदर्शनात मुलांना "बोर्ड किती छोटा?" असं विचारण्याऐवजी "इतकी जागा का सोडलीस?" असं विचारा. उत्तर देणाऱ्या मुलाला खरं काही आलेलं असेल.

यंदा लेक तोच बोर्ड नव्याने आखते आहे. माउस माझ्या हातात देत नाही. बरोबरच आहे तिचं!