मूळ स्थितीकडे परतण्याची वाट



इतवारीतील आमच्या दुकानासाठी नवा संगणक आला, तेव्हा जुना लॅपटॉप पुतणीला द्यावयाचे ठरले. तिला शिक्षणासाठी पुण्यास जावयाचे होते. यंत्र कोरे करून तिच्या हाती द्यावे, एवढाच हेतू होता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट’चा पर्याय असतोच, सर्व ड्राइव्हवरील सर्व काही पुसण्याची निवड केली आणि बटण दाबले. क्षणभराने पडद्यावर संदेश उमटला : रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट सापडत नाही.

चौकशीअंती उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी सी ड्राइव्ह भरत आला होता. ओळखीच्या एका तरुणाने डिस्कवरील एक ‘निरुपयोगी’ विभाग काढून टाकला आणि ती जागा सी ड्राइव्हला जोडून दिली. तोच हा रिकव्हरीचा विभाग. दुरुस्तीच्या एका दुकानात विचारले, तर ‘आता नवीनच घ्या’ असा सल्ला मिळाला.

घरी परतल्यावर चिरंजीवांस सहज विचारले, ‘टॅलीचा बॅकअप कुठे ठेवला आहे?’

‘त्याच लॅपटॉपवर, बाबा. डी ड्राइव्हमध्ये.’

अंगावर काटा आला. रीसेट सुरळीत चालला असता, तर दुकानाचे सहा वर्षांचे हिशेब आणि त्यांची प्रत दोन्ही एकाच वेळी गेली असती. त्या दिवशी बिघाडानेच आम्हांस वाचविले.

या प्रसंगातून जे उमगले ते आधी सांगतो. रिकव्हरीचा विभाग म्हणजे तिजोरी नव्हे. ती कोऱ्या वहीची जपून ठेवलेली प्रत आहे. तिच्यामुळे यंत्र पुन्हा कोरे होते. त्यावर लिहिलेले हिशेब परत मिळत नाहीत. उलट, ही प्रत हरवली तरी ती पुन्हा तयार करता येते. हरवलेला जमाखर्च मात्र कोणत्याही कंपनीकडून मिळत नाही.

या प्रती दोन प्रकारच्या असतात. एक विंडोजची स्वतःची : काहीशे एमबींचा छोटासा विभाग. यंत्र दुरुस्त करण्याची आणि रीसेट करण्याची साधने त्यात असतात. दुसरी लॅपटॉपच्या कंपनीची : अनेक जीबींची, कारखान्यातून निघताना यंत्रात जे होते त्याची संपूर्ण प्रत. डिस्क बदलून एसएसडी बसविताना, केवळ सी ड्राइव्हची नक्कल करताना किंवा आमच्यासारखी जागा वाढविताना या दोन्ही नकळत जातात.

आता उपाय. त्यांचा क्रम मोडू नये.

प्रथम आपला सर्व विदा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून फाइली खरोखर उघडतात का, हे पाहावे. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ‘रिस्टोअर’ करून शिल्लक जुळते का तेही तपासावे. यंत्र बदलणार असेल, तर टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करावा. अनेक नव्या लॅपटॉपवरील डिस्क सांकेतिक कुलपात असते. तिची ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पाहून कागदावर उतरवून ठेवावी. विभागांना हात लावल्यावर यंत्र तीच मागू शकते.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावा. आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी ही आठ इंग्रजी अक्षरे सलग लिहावीत, एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ द्यावी आणि तिला जोडून ‘इन्फो’ हा शब्द इंग्रजीत लिहावा. रिकव्हरी चालू आहे की बंद, हे लगेच कळते. बंद असेल, तर ‘इन्फो’च्या जागी ‘एनेबल’ लिहून पाहावे. मूळ फाइल डिस्कवर शिल्लक असेल, तर एवढ्यानेच रीसेटचा पर्याय जिवंत होतो.

आमच्याकडे तीही फाइल उरली नव्हती. अशा वेळी दोन वाटा आहेत. कारखान्यातून आले तसेच यंत्र हवे असेल, तर एचपी, डेल, लेनोव्हो अशा कंपन्या आपल्या अनेक लॅपटॉपसाठी मूळ प्रत इंटरनेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय देतात. त्यासाठी लॅपटॉपचा मॉडेल किंवा सीरियल क्रमांक हाताशी असावा. केवळ स्वच्छ विंडोज पुरेशी असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवावी. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही यात पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे.

परवान्याची चिंता पुष्कळांना वाटते. लॅपटॉपसोबत विंडोज ८ किंवा त्यानंतरची विंडोज आली असेल, तर परवान्याची किल्ली बहुधा मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो, अशी तीच आवृत्ती बसविली, की इंटरनेटशी जोडताच परवाना आपोआप ओळखला जातो. पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत.

आम्ही दुसरी वाट धरली. विदा बाहेर काढून, तपासून, जुने सर्व विभाग पुसले आणि विंडोज नव्याने बसविली. तिने आपला रिकव्हरीचा विभाग स्वतःच तयार केला. मग त्याच नव्या पर्यायाने यंत्र एकदा रीसेट केले आणि ‘क्लीन डेटा’ची निवड केली. वरवर पुसलेल्या फाइली जाणकार माणूस परत काढू शकतो. या निवडीने ते फार अवघड होते. ग्राहकांची येणी-देणी दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत, यासाठी एवढा वेळ देणे योग्यच होते.

ज्यांचे यंत्र आज धडधाकट आहे, त्यांनी ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ नावाचे विंडोजमधील साधन उघडून १६ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर प्रत करून ठेवावी. पेनड्राइव्हवर यंत्राचे नाव आणि तारीख लिहावी.

आपल्या पेढ्यांवर रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी असे. एकीवर शाई सांडली, तरी दुसरीवरून हिशेब उभा राहत असे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. एवढा काळ एकाच डिस्कच्या भरवशावर राहणे हा व्यवहार नव्हे. एक प्रत दुकानात आणि एक घरी, हा आता आमचा नियम आहे. दर शनिवारी गल्ला मोजून झाला, की चिरंजीव बॅकअपची डिस्क माझ्या हाती देतात आणि मी ती घरी नेतो.

पुतणी लॅपटॉप घेऊन पुण्यास गेली. निघताना तिने विचारले, ‘काका, बिघडला तर?’ तिच्या पिशवीत मी ती पेनड्राइव्ह ठेवली आणि म्हटले, ‘यंत्र बिघडले तर ही आहे. तू लिहिलेले मात्र तूच जपायचे.’