कढीपत्त्याला ५०० रुपये दंड!

मंडळी, पुण्यात माझा मुलगा राहतो त्या सोसायटीच्या कमिटीने एक फतवा काढला आहे. सामायिक जागेत कुणीही रोप लावायचं नाही, लावलं तर माळी उपटणार आणि वर ५०० रुपये दंड. कारण काय, तर म्हणे ‘लॅंडस्केपचा लूक बिघडतो’! या लूकपायी जिन्यामागचा कढीपत्ता, गवती चहाचे दोन ठोंब आणि तळमजल्यावरच्या आजींची तुळस गेली. कढीपत्ता मी लावलेला होता, त्यामुळे हे सगळं रागात लिहितोय हे आधीच सांगून टाकतो.

उपटलेल्या जागी काय आलं? लॉन. आता जरा गणित करू, मास्तरकी अजून सुटलेली नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेमध्ये गवत हिरवंगार ठेवायचं तर रोज पाचेक मिलिमीटर तरी द्यावं लागतं. लॉन ५०० चौरस मीटर धरा. रोजचे झाले २,५०० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर चार दिवसांत गवतात जिरला. आणि त्याच महिन्यात लिफ्टमध्ये नोटीस, ‘पाणी जपून वापरा’! बरं, त्या गवतावर पाय ठेवायचा नाही अशी पाटी. पोरं खेळणार नाहीत, शेळी चरणार नाही, मग ते आहे कुणासाठी?

मी मांजरसुंब्याचा माणूस. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. आणि बालाघाटाच्या त्याच माळांवर कुणी घागरभर पाणी न घालता सीताफळ येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणून मी सुचवलं, कुंपणाला सीताफळ लावा. तर एक सद्गृहस्थ म्हणाले, “काका, फळं आली की भांडणं होतात.” मग लावलं काय? कोनोकार्पस! परागकणांनी सर्दी-खोकला-दमा होतो आणि मुळं केबल, ड्रेनेज बिघडवतात म्हणून गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ज्याची लागवड बंद केली, तेच. भांडणापेक्षा दमा बरा, असं असेल कदाचित.

कमिटीचं काहीच खरं नाही असं नाही. नव्या इमारतींत बाग बहुधा पार्किंगच्या स्लॅबवर असते, माती दोन-तीन फूट. तिथे कुणी पिंपळ लावला तर खाली गळती लागणारच. कुंडीखालच्या ताटलीत डास होतात. हौसेने लावलेली वांगी महिन्याभरात वाळूनही जातात. मग त्याचा नियम करा ना! खोल मुळांची झाडं नकोत, पाणी साचलं तर कुंडी उचलू, दोन महिने लक्ष दिलं नाही तर वाफा दुसऱ्याला. कोण नाही म्हणेल? पण मातीला हातच लावू नका म्हणणं ही निव्वळ कंत्राटदाराची सोय. त्याला मशीन फिरवायला सपाट गवत हवं असतं.

आमच्या अमेरिकेतल्या भाचरांना हे लॉनचं वेड ठाऊक आहे. तिकडे लॉन वाळलं तर सोसायट्या दंड करत. कॅलिफोर्नियात २०१४ साली कायदाच करावा लागला, की दुष्काळ जाहीर असताना पाणी तोडलं म्हणून दंड करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने स्वतःच्या परसात घरापुरती भाजी लावायलाही सोसायटीला मनाई करता येत नाही. त्यांनी टाकलेलं आपण डोक्यावर घेतोय.

असो. मुळात कमिटीला हा अधिकार दिला कुणी? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. सभेपुढे हा विषय आला नाही, ठराव झाला नाही. सात जणांनी चहा पिता पिता ठरवलं.

सभासद मुलगा आहे, मी नव्हे. म्हणून अर्ज मी लिहिला आणि सही त्याची घेतली. मागच्या भिंतीकडची ५० चौरस मीटर जागा वाफ्यांसाठी द्या, एका घराला एक वाफा, पाणी ज्याचं त्याने बादलीने आणायचं, एवढीच मागणी आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवली आहे.